रजा शिल्लक असूनही कामावर : मोठ्या किरकोळ साखळीतील आजारपणाच्या रजेचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीच्या दुकानातले आहे. साखळीची दुकाने एकाहून अधिक देशांत आहेत. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि काही हुद्दे बदलले आहेत. दुकानात किराणा, कपडे आणि घरगुती वस्तूंचे विभाग असून तयार खाद्यपदार्थांचा एक काउंटरही आहे. बहुतेक कर्मचारी अर्धवेळ आहेत. त्यांचे तास दर आठवड्याला ठरतात आणि त्यांत शेवटच्या दिवसापर्यंत फेरफार होत राहतात. दुकानाच्या मॅनेजरला दर आठवड्यासाठी कामाच्या तासांचा कोटा मिळतो. तो प्रादेशिक कार्यालय विक्रीच्या अंदाजावरून ठरवते आणि ओलांडला गेला तर मॅनेजरला जाब द्यावा लागतो. रजेच्या धोरणात या कोट्याचा उल्लेख कुठेही नव्हता. प्रत्यक्षात मात्र कोणाला रजा घेता येणार हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरत होते.

आजारपणाच्या पगारी रजेबाबत जगात एकच पद्धत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ च्या सामाजिक सुरक्षा करारात (क्रमांक १०२) आजारपणातील वेतनभरपाईची किमान पातळी ठरवलेली आहे. पण पहिल्या तीन दिवसांची भरपाई नाकारण्याची मुभाही त्याच करारात आहे. जर्मनीत नोकरीचे पहिले चार आठवडे पूर्ण झाले की सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मालकानेच द्यायचा असतो. भारतात कर्मचारी राज्य विमा योजनेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, मात्र आजाराचे पहिले दोन दिवस सहसा त्यात धरले जात नाहीत. अमेरिकेत पगारी आजारपणाच्या रजेचा सर्वसाधारण संघीय कायदा नाही. १९९३ च्या कायद्याने पात्र कर्मचाऱ्यांना १२ आठवड्यांपर्यंत रजा मिळते, पण ती बिनपगारी. शहरांमध्ये सान फ्रान्सिस्कोने २००६ मध्ये आणि राज्यांमध्ये कनेटिकटने २०११ मध्ये पहिले पाऊल टाकले. मार्च २०२० मध्ये साथीच्या काळापुरती पगारी रजा संघीय कायद्याने दिली गेली, तेव्हा ५०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी मालकांना तीतून वगळले होते. म्हणजे सर्वांत मोठ्या किरकोळ साखळ्या नेमक्या त्या कायद्याबाहेर राहिल्या. मोठी कंपनी म्हणजे रजेची काळजी नाही, हा समज किती फसवा असू शकतो हे यावरून लक्षात यावे.

प्रकरणातील दुकान जेथे आहे तेथे थोड्या दिवसांच्या आजारपणासाठी मालकाने पगारी रजा द्यावी असे कायदेशीर बंधन नव्हते. जे होते ते कंपनीचे स्वतःचे धोरण.

धोरण कागदावर कसे होते

वरवर पाहता धोरण कंजूष नव्हते. पूर्णवेळ कर्मचाऱ्याला वर्षाला आठ दिवसांची पगारी आजारपणाची रजा होती आणि अर्धवेळ कर्मचाऱ्याला काम केलेल्या तासांच्या प्रमाणात ती जमा होत असे. मात्र या तरतुदीभोवती चार अटी होत्या आणि त्या चार वेगवेगळ्या वेळी, चार वेगवेगळ्या कारणांनी आल्या होत्या.

पहिली अट अशी की प्रत्येक आजारपणाचे पहिले दोन दिवस बिनपगारी. दुसरी, रजा एका दिवसाची असली तरी डॉक्टरांचे प्रमाणपत्र हवे. तिसरी अट हजेरीच्या पॉइंटची होती. पूर्वसूचनेशिवाय गैरहजर राहिल्यास एक पॉइंट, उशिरा आल्यास अर्धा, आणि सहा महिन्यांत चार पॉइंट झाले की लेखी ताकीद. सणासुदीच्या गर्दीच्या आठवड्यांत पॉइंट दुप्पट होत. कारण आजारपणाचे आहे की आणखी कशाचे, हे या पद्धतीत पाहिले जात नसे. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हाच तिचा गुण होता, कारण त्यामुळे पक्षपाताचा आरोप टळत होता. चौथी अट लिहिलेली नव्हती, पण पक्की होती : ज्याला यायचे नाही त्याने स्वतःच्या जागी कोणीतरी शोधून द्यावे.

याखेरीज खाद्य काउंटरला अन्नसुरक्षेची वेगळी नियमावली लागू होती. शिफ्ट सुरू होण्याआधी प्रत्येकाने आरोग्य घोषणापत्र भरायचे. त्यात उलटी, जुलाब, ताप, हातावरील जखम यांपुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी खूण करायची. उलटी किंवा जुलाब झालेल्या व्यक्तीने लक्षणे थांबल्यावर ४८ तास पूर्ण होईपर्यंत खाद्यपदार्थांजवळ यायचे नाही. हा नियम कंपनीच्या डोक्यातून आलेला नव्हता. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेच्या मार्गदर्शनातही हाच ४८ तासांचा दंडक आहे. नोरोव्हायरससारख्या विषाणूच्या बाबतीत त्याचे कारण उघड आहे. अगदी थोडे विषाणूकण संसर्गाला पुरतात, लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत लक्षणे दिसतात, आजार एक ते तीन दिवसांत ओसरतो, पण त्यानंतरही रुग्णाच्या शरीरातून विषाणू बाहेर पडत राहतो. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. साबण आणि पाणीच लागते.

दोन्ही नियमावल्या शेजारी ठेवून कोणी हिशेब केला असता तर गोष्ट लगेच उलगडली असती. दोन दिवस आजार आणि त्यानंतर ४८ तास दूर राहणे, म्हणजे साधारण चार दिवस. त्यांतले पहिले दोन बिनपगारी. पुढचे दोन दिवस माणूस बरा असतो, म्हणून डॉक्टर त्यांचे प्रमाणपत्र देईलच असे नाही. चारही दिवस ऐन वेळी कळवलेली गैरहजेरी म्हणून मोजले गेले तर तेवढ्यावरच लेखी ताकीद. अन्नसुरक्षेचा नियम प्रामाणिकपणे पाळणाऱ्याला रजेचे धोरण शिक्षा करत होते. रजेची नियमावली मनुष्यबळ विभागाकडे आणि अन्नसुरक्षेची गुणवत्ता विभागाकडे असल्यामुळे हा हिशेब मांडण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

काय घडले

खाद्य काउंटरवर काम करणाऱ्या एका अर्धवेळ कर्मचारी महिलेला रात्री उलट्या सुरू झाल्या. यापुढे त्यांचा उल्लेख ‘क’ असा केला आहे. पहाटे त्यांनी शिफ्ट सुपरवायझरला फोन केला. सुपरवायझरने बदली माणूस आहे का असे विचारले. नसेल तर पॉइंट लागेल, हेही सांगितले. क यांच्या नावावर आधीचे तीन पॉइंट होते, त्यांतले दोन मुलाच्या आजारपणाचे. चौथा पॉइंट लागला असता तर ताकीद मिळाली असती आणि ताकीद असलेल्या कर्मचाऱ्याचे नाव पूर्णवेळ पदाच्या यादीत जात नसे. ती यादी त्याच महिन्यात लागणार होती. त्यांच्या खात्यावर अडीच दिवसांची आजारपणाची रजा जमा होती, हे त्यांना ठाऊकच नव्हते. कर्मचाऱ्यांच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये पूर्णवेळ कर्मचाऱ्यांनाच रजेची शिल्लक दिसत असे. अर्थात ती दिसली असती तरी पहिले दोन दिवस बिनपगारीच गेले असते.

त्या कामावर आल्या. घोषणापत्रावर त्यांनी सगळीकडे ‘नाही’ अशी खूण केली. दुपारपर्यंत काम केले, मग पुन्हा त्रास झाला आणि सुपरवायझरने त्यांना घरी पाठवले. पुढच्या काही दिवसांत काउंटरवरचे आणि बिलिंगवरचे अनेक जण एकामागून एक आजारी पडले. एकाच्या नमुन्यात नोरोव्हायरस आढळला. खाद्य विभाग निर्जंतुकीकरणासाठी बंद ठेवावा लागला. बिलिंग काउंटरवर माणसे कमी पडल्याने रांगा वाढल्या आणि आरोग्य खात्याचे निरीक्षक येऊन घोषणापत्रांची फाइल तपासून गेले. त्या संपूर्ण फाइलमध्ये, मागील कित्येक महिन्यांत, एकाही कर्मचाऱ्याने एकाही लक्षणापुढे ‘हो’ लिहिलेले नव्हते.

प्रस्तुत लेखकाच्या मते प्रकरणाचा खरा पुरावा ही फाइल आहे. एका व्यक्तीने एका दिवशी खोटी खूण केली, एवढे तिच्यावरून म्हणता येत नाही. हिवाळाभर एवढ्या माणसांपैकी कोणालाच कधी पोटाचा त्रास झाला नसेल, हे संभवत नाही. सगळेच ‘नाही’ लिहीत होते आणि तपासणाऱ्यांना ते स्वीकारार्ह वाटत होते, इतकाच त्याचा अर्थ.

समस्या कोणाची, यावरील मतभेद

या प्रकरणावर विचार करणाऱ्या समितीच्या पहिल्या बैठकीत दोन मांडण्या समोर आल्या. प्रादेशिक व्यवस्थापनाच्या मते हे शिस्तभंगाचे प्रकरण होते. खोटी घोषणा केल्यास बडतर्फीपर्यंत कारवाई होऊ शकते असे नियमावलीतच लिहिलेले होते. कामगार प्रतिनिधींच्या मते दोष धोरणाचा होता, आणि क यांना पुढे करून तो झाकला जात होता.

साथीचा पहिला रुग्ण कोण, यावर बैठकीचा बराच वेळ गेला. तपासणीस आलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले की क यांच्यापासूनच सुरुवात झाली असे ठरवता येणार नाही. विश्रांतिकक्ष सर्वांचा एकच होता आणि कपड्यांच्या विभागातील एक जण त्याआधीच दोन दिवस आजारी होता, असे नंतर कळले. या उत्तराने चर्चेची दिशा बदलली. मूळ एका व्यक्तीत सापडत नसेल, तर एका व्यक्तीवर कारवाई करून पुढची साथ कशी रोखणार, या प्रश्नाला शिस्तभंगाची बाजू मांडणाऱ्यांकडे उत्तर नव्हते.

तरीही त्यांच्या युक्तिवादात तथ्य नव्हते असे नाही. घोषणापत्रावर खोटे लिहिण्याला काहीच परिणाम नसेल तर घोषणापत्राला अर्थ उरत नाही. हा पेच समितीने पुढे अशा प्रकारे सोडवला की धोरण बदलण्याच्या आधीच्या घोषणांवर कारवाई करायची नाही आणि बदलानंतरच्या घोषणांवर करायची. खरे सांगण्याची किंमत कंपनीने आधी कमी करावी, मग खोटे सांगण्याची किंमत वसूल करावी, हा क्रम योग्य होता.

विचारात घेतलेले पर्याय

क यांच्यावर कारवाई करून बाकी सर्व तसेच ठेवणे, हा पहिला पर्याय वर सांगितल्याप्रमाणे मागे पडला. खाद्य काउंटर बाहेरच्या ठेकेदाराला देऊन टाकावा असेही कोणीतरी सुचवले. त्यामुळे आजारी माणूस तिथेच राहील आणि फक्त पगारपत्रक बदलेल, हे लक्षात आल्यावर तो विषय पुढे गेला नाही.

प्रमाणपत्राची अट आणखी कडक करावी, या दुसऱ्या पर्यायावर मात्र गंभीर चर्चा झाली. इतर देशांतील पद्धती येथे उपयोगी पडल्या. ब्रिटनमध्ये आणि स्वीडनमध्ये पहिल्या सात दिवसांसाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागत नाही, कर्मचाऱ्याचे स्वतःचे सांगणे पुरते. जर्मनीत आजार तीन दिवसांहून अधिक लांबला तर सर्वसाधारणपणे प्रमाणपत्र लागते, मालकाला ते आधीही मागता येते. न्यूझीलंडमध्ये सलग तीन दिवसांच्या आत पुरावा हवा असेल तर त्याचा खर्च मालकाने उचलायचा असतो. यामागचे व्यावहारिक कारण सरळ आहे. एका दिवसाच्या उलट्यांसाठी डॉक्टरकडे जाणारा माणूस दवाखान्यात बसून इतरांना आजार देतो, डॉक्टर त्याने सांगितलेलेच कागदावर लिहून देतात, आणि तपासणीचा खर्च कधीकधी त्या दिवसाच्या मजुरीइतका होतो. पहिल्या दिवसाचे प्रमाणपत्र लबाडी रोखत नाही. डॉक्टरचे शुल्क परवडणारा लबाड ते आणतो. ज्याला परवडत नाही तो खरा आजारी असूनही कामावर येतो.

तिसरा पर्याय फक्त खाद्य विभागाला सवलत देण्याचा होता. खर्च कमी, कारण स्पष्ट आणि निरीक्षकांना दाखवायलाही सोयीचा. चौथा पर्याय सर्व विभागांसाठी चारही अटी बदलण्याचा होता.

वित्त विभागाचा आक्षेप चौथ्या पर्यायाला होता. पगारी रजा सोपी केली की गैरहजेरी वाढते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते निराधार नव्हते. जर्मनीने १९९६ मध्ये आजारपणातील वेतन १०० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर आणले आणि १९९९ पासून पुन्हा १०० टक्के केले. या फेरबदलांवर बरेच संशोधन झाले आहे, आणि वेतनाचा गैरहजेरीवर परिणाम होतो हे त्यातून दिसते. प्रश्न असा की वाढलेल्या गैरहजेरीत लबाडी किती आणि पूर्वी आजारी असूनही येणारी माणसे आता घरी राहिली तो भाग किती. हजेरीपत्रक हे दोन्ही एकाच रकान्यात दाखवते. स्टेफन पिखलर आणि निकोलस झीबार्थ या अर्थशास्त्रज्ञांनी ही गल्लत सोडवण्याचा प्रयत्न केला. सांसर्गिक आणि असांसर्गिक आजार वेगळे करून पाहावेत अशी त्यांची मांडणी आहे, आणि अमेरिकेत ज्या शहरांत व राज्यांत पगारी आजारपणाची रजा सक्तीची झाली तिथे फ्लूसदृश आजारांचे प्रमाण घटल्याचे त्यांना आढळले. २०२० च्या तात्पुरत्या संघीय रजेवरील एका अभ्यासात, ज्यात हे दोघे होते, ज्या राज्यांत अशी रजा नव्याने मिळाली तिथे दर राज्यामागे दररोज सुमारे ४०० कमी कोविड रुग्ण नोंदले गेल्याचा निष्कर्ष आहे.

समितीत वित्त विभागाच्या प्रतिनिधीने यावर विचारलेला प्रश्न नोंदवण्याजोगा आहे. समाजातला आजार कमी झाला हे मान्य, पण त्याचा लाभ आमच्या दुकानाच्या ताळेबंदात कुठे दिसणार? याचे उत्तर साखळीच्या आकारात होते. लहान दुकानदाराचा आजारी नोकर घरी राहिला तर फायदा इतरांना होतो. एकाच छपराखाली शेकडो माणसे एकच विश्रांतिकक्ष वापरत असतील तर ‘इतर’ म्हणजे बहुतांशी आपलेच कर्मचारी. पगारी रजेसाठी मोठ्या मालकाकडे लहान मालकापेक्षा अधिक सबळ व्यावसायिक कारण आहे, हा मुद्दा त्या बैठकीत प्रथमच कोणीतरी मांडला.

निर्णय आणि अंमलबजावणी

समितीने तिसरा पर्याय निवडला आणि तो काही महिन्यांतच मोडीत निघाला. खाद्य विभागात बिनपगारी दिवस रद्द झाले, प्रमाणपत्र चौथ्या दिवसापासून लागेल असे ठरले आणि आजारपणाला पॉइंट लागणे बंद झाले. पण दुकानात विभागांची भिंत रोस्टरपुरतीच असते. गर्दीच्या वेळी बिलिंगवरची माणसे खाद्य काउंटरवर येतात, खाद्य काउंटरवरची बिलिंगवर जातात. सकाळी बिलिंगवर असलेल्याला सवलत नाही आणि दुपारी काउंटरवर गेलेल्या त्याच माणसाला ती आहे, असे प्रश्न सुपरवायझरांपुढे रोज येऊ लागले. त्याहून वाईट म्हणजे, सवलतीची माणसे ‘महाग’ ठरल्याने काही मॅनेजर अर्धवेळ कर्मचाऱ्यांना खाद्य विभागात नोंदवायचेच टाळू लागले.

त्यानंतर चौथा पर्याय सर्व विभागांना लागू झाला. पॉइंटच्या बाबतीत समितीपुढे न्यू यॉर्क राज्याचे उदाहरण होते. तिथे फेब्रुवारी २०२३ पासून कायद्याने संरक्षित रजेबद्दल पॉइंट लावणे बेकायदा ठरले आहे. कंपनीने पॉइंट पद्धत रद्द केली नाही, पण आजारपणाची नोंद तिच्यातून बाहेर काढली. अ‍ॅपमध्ये अर्धवेळ कर्मचाऱ्यांना शिल्लक दिसू लागली. हा सर्वांत स्वस्त बदल होता, आणि तो होण्यास सर्वांत जास्त वेळ लागला, कारण पगारप्रणाली वेगळ्या पुरवठादाराची होती.

लक्षणे थांबल्यानंतरच्या ४८ तासांचा निर्णय अधिक अवघड ठरला. त्या काळात माणूस आजारी नसतो, कामाला तयार असतो आणि कंपनीच त्याला येऊ देत नाही. सुरुवातीला हे तास ‘काम उपलब्ध नाही’ या शीर्षाखाली बिनपगारी धरले गेले. परिणामी लक्षणे कधी थांबली याची वेळ कर्मचारी मागे सरकवून सांगू लागले, आणि घोषणापत्राची जुनी सवय नव्या जागी परतली. मग असे ठरले की हे ४८ तास पगारी असतील आणि ते आजारपणाच्या रजेतून वजा होणार नाहीत, किंवा शक्य तेव्हा कर्मचाऱ्याला त्या काळात खाद्यपदार्थांशी आणि ग्राहकांशी संबंध नसलेले काम दिले जाईल. यातला दुसरा भाग फारसा वापरला गेला नाही, कारण असे काम दुकानात क्वचितच असते.

एवढे सारे करूनही पहिल्या काही आठवड्यांत रजा घेणाऱ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा कमीच राहिली. कारण शोधताना पुन्हा तासांच्या कोट्यापाशी यावे लागले. आजारी माणसाचे पगारी तास दुकानाच्याच कोट्यातून जात होते आणि त्याच्या जागी आलेल्या माणसाचेही. एका आजारपणाचे तास दुकान दोनदा भरत होते. मॅनेजरांनी नियम मोडला नाही, पण ते आजारी माणसाला फोन करून ‘थोडा वेळ तरी येता येईल का?’ असे विचारत राहिले. ज्याचे पुढच्या आठवड्याचे तास तोच मॅनेजर ठरवणार आहे, त्या अर्धवेळ कर्मचाऱ्याला हा प्रश्न कसा ऐकू येतो हे सांगायला नको. अखेर आजारपणाचे तास प्रादेशिक कार्यालयाच्या खात्यावर टाकण्यात आले आणि जवळच्या दुकानांसाठी मिळून बदली कर्मचाऱ्यांची एक तुकडी ठेवण्यात आली. बदली माणूस शोधण्याचे काम लेखी स्वरूपात सुपरवायझरकडे आले. लेखकाच्या मते धोरण खऱ्या अर्थाने त्या दिवशी बदलले. त्याआधीचे बदल फक्त पुस्तिकेत झाले होते.

परिणाम

एक-दोन दिवसांच्या रजा वाढल्या. वित्त विभागाने तसे भाकीत केलेच होते. ही वाढ काही काळाने थांबली. पुढच्या हिवाळ्यात विभाग बंद करण्याची वेळ आली नाही, मात्र एका हिवाळ्यावरून यशाचा दावा करणे योग्य नाही. साथीचा जोर दरवर्षी सारखा नसतो. यापेक्षा विश्वासार्ह खूण घोषणापत्रांच्या फाइलमध्ये सापडते. तिच्यात आता ‘हो’ दिसू लागले आहे. फार नाही, पण दिसते, आणि ते लिहिणाऱ्यांची नावे पुढच्या रोस्टरमध्ये कमी तासांनिशी आलेली नाहीत ना, हे मनुष्यबळ विभाग दर महिन्याला ताडून पाहतो.

गैरवापरही झाला. एका विभागात साप्ताहिक सुट्टीला लागून एका दिवसाच्या रजा घेण्याचा प्रकार दिसला. जुन्या पद्धतीत यावर सर्वांसाठी नवी अट आली असती. या वेळी संबंधितांशी एकेकट्याने बोलणे झाले. त्यांतल्या एकाची अडचण मद्यपानाची होती, दुसऱ्याची घरातील वृद्धांच्या देखभालीची; उरलेल्यांकडे सांगण्यासारखे काही नव्हते आणि त्यांना समज देण्यात आली.

क यांच्यावरील कारवाई झाली नाही आणि त्यांचे सर्व पॉइंट मागे घेतले गेले. पण तोवर पूर्णवेळ पदांची यादी लागून गेली होती आणि ती पुन्हा उघडण्यात आली नाही. पुढच्या यादीपर्यंत त्या अर्धवेळच राहिल्या.

काय वेगळे करता आले असते

क यांच्या बाबतीत यादीचा निर्णय प्रकरण मिटेपर्यंत राखून ठेवता आला असता. समितीत कोणी तसे सुचवले नाही, कारण समितीत पूर्णवेळ पदाची वाट पाहणारे कोणीच नव्हते. कामगार प्रतिनिधीसुद्धा सर्व पूर्णवेळ होते. दुकानातील बहुसंख्य कर्मचाऱ्यांचा आवाज ज्या समितीत नाही, तिला अ‍ॅपमधली शिल्लक दिसत नाही हे कळायला आठवडे लागावेत, यात नवल नाही.

तिसऱ्या पर्यायात गेलेले महिने वाचवता आले असते का, यावर मतभिन्नता आहे. तो अनुभव नसता तर वित्त विभाग चौथ्या पर्यायाला राजी झाला नसता, असे काहींचे म्हणणे आहे. लेखकाला ते अर्धेच पटते. रोस्टरचे जुने तक्ते उघडून माणसे विभागांमध्ये किती वेळा फिरतात हे आधी पाहिले असते, तर विभागवार सवलत टिकणार नाही हे कागदावरच दिसले असते.

सर्वांत मोठी त्रुटी क्रमाची होती. तासांच्या कोट्याचा निर्णय सर्वांत शेवटी झाला. तो सर्वांत आधी व्हायला हवा होता. पहिले दोन दिवस बिनपगारी ठेवण्याचा प्रश्न तुलनेने सोपा होता, कारण त्यावर इतरांचा अनुभव उपलब्ध होता. स्वीडनमध्ये आजारपणाच्या वेतनातून होणारी सुरुवातीची कपात मार्च २०२० मध्ये साथ येताच तात्पुरती थांबवली गेली. ब्रिटनने कोविडच्या रुग्णांसाठी तीन बिनपगारी दिवस त्याच महिन्यात उठवले. घाईच्या वेळी सरकारांनी सर्वांत आधी जी अट सोडली, ती संसर्ग रोखण्याच्या आड येते हे उघड होते. तासांचा कोटा मात्र कोणत्याही कायद्यात दिसत नाही, म्हणून तो कोणी शोधला नाही.

दोन प्रश्न अनिर्णित आहेत. मधुमेह, अर्धशिशी किंवा दीर्घकालीन उपचार असलेल्या कर्मचाऱ्यांची आठ दिवसांची रजा वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतच संपते आणि त्यानंतर ते पुन्हा जुन्याच पेचात सापडतात. त्यांच्यासाठी वेगळा साठा ठेवण्याचा प्रस्ताव आहे, मंजुरी नाही. दुसरा प्रश्न सफाई कर्मचाऱ्यांचा. साथीच्या दिवसांत स्वच्छतागृहे आणि विश्रांतिकक्ष त्यांनीच धुतले, आजारी पडलेल्यांत तेही होते, पण ते ठेकेदाराचे कर्मचारी असल्याने नवे धोरण त्यांना लागू नाही. ठेक्याच्या नव्या करारात किमान ४८ तासांच्या पगारी सक्तीच्या सुट्टीची अट घालावी असे गुणवत्ता विभागाने लिहून कळवले आहे. खरेदी विभागाने त्यावर दरवाढीचा अंदाज मागवला आहे.